कायच कळणा नाय, पण पाय हलता

चवतीच्या तिसऱ्या दिवसाची दुपार. सावंतवाडीतल्या एका घरात आजी पडवीत आदाळ्यावर बसून नारळ खवत होती. मुंबईहून आलेल्या नातवाने आपला छोटा स्पीकर खिडकीत ठेवला आणि एक गाणं लावलं. गाणारा पुरुष, भाषा परकी, मागे एकसारखा धप-धप ठोका. आजीने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यो मेलो काय बोलता ता कायच कळणा नाय, पण माझो पाय बग कसो हलता!" खरंच, आदाळ्याच्या पाटावर दाबलेला पाय स्थिर होता, पण मोकळा पाय आपल्या नादात चालला होता.

"आजये, ह्यां इटालियन गाणां," नातू म्हणाला.

"मगे तुका तरी कळता?"

"नाय."

त्या गाण्याचं नाव 'इतालोडिस्को'. 'द कोलर्स' या इटालियन बँडचं हे गाणं २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. आजीच्या शेऱ्यात दोन प्रश्न आहेत. शब्द कळत नसताना पाय का हलतात, हा पहिला. दुसरा त्याहून खोल आहे: पाय शब्दांवाचून हलत असतील, तर नाचाच्या गाण्यात शब्द हवेतच कशाला? आणि हवेत, तर ते कुठल्या भाषेत?

१. सगळी भरी, खाली नाहीच

आपल्याकडचा ताल चढ-उताराचा असतो. भजनी ठेका घ्या किंवा केरवा, त्यात भरी असते तशी खालीही असते. काही मात्रांवर वजन पडतं, काही मात्रा हलक्या जातात, आणि त्या हलक्या जागेमुळेच पुढचा भारी ठोका गोड लागतो. डिस्कोने ही भानगडच मिटवली. चार मात्रा, चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा तोच ठोका. सगळी भरी, खाली नाहीच. इटालियन वादक याला 'कास्सा द्रित्ता' म्हणतात. कास्सा म्हणजे मोठा ढोल, द्रित्ता म्हणजे सरळ. सरळ ढोल.

दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये एक धातूचा 'छिस' आवाज येतो. दशावतारात मृदंगाच्या दोन थापांमध्ये झांज वाजते, तीच जागा. ढोल पाय खाली आणतो, झांज तो वर उचलते. डिस्कोचा अर्धा अभ्यास इथे संपतो.

आता वेग. नाचाची गाणी साधारणपणे मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांच्या घरात असतात. हिशोबाला सोपं म्हणून १२० धरू. ६० सेकंदांत १२० ठोके, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ४२० ठोके. माणूस जरा झपझप चालला की मिनिटाला ११० ते १२० पावलं टाकतो. म्हणजे हा ठोका आपल्या चालण्याचाच आहे, मोती तलावाला संध्याकाळी फेरी मारणाऱ्याच्या पायांचा. शिवाय ठरावीक अंतराने येणारा ठोका ऐकला की मेंदूतले हालचाल चालवणारे भाग जागे होतात, माणूस गप्प बसलेला असला तरी. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो, तो खरा ठरला की सुखावतो. शब्दांचा अर्थ लावण्याचं काम वेगळं, ते सावकाश चालतं. म्हणून पाय आधी निघतात आणि डोकं मागून येतं.

एक फरक मात्र सिंधुदुर्गातल्या वाचकाने लक्षात ठेवावा. डबलबारीच्या भजनात बुवा गजराला आले की लय चढत जाते, पखवाजवाला घामाघूम होतो आणि ऐकणारा बसल्या जागी हलू लागतो. डिस्कोची लय चढत नाही. पहिल्या ठोक्याला जो वेग, तोच शेवटच्या. हे कंटाळवाणं वाटेल, पण त्यामागे व्यवहार आहे. डीजेला एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायचं असतं. एक गाणं ११८ ठोक्यांचं, दुसरं १२२ चं, असं असेल तर दोन्ही एकदम लावल्यावर मिनिटाभरात चार ठोक्यांची चुकामूक होते आणि नाचणारे अडखळतात. मग तो पहिल्याचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढवतो, ११८ चे १२२ होतात, दोन गाणी खांद्याला खांदा लावून चालतात. लय चढती-उतरती असती तर हा सांधा बसला नसता.

२. रहाटाची सोळा गाडगी

इतका अचूक ठोका माणूस तासभर कसा वाजवणार? वाजवत नाही. यंत्र वाजवतं.

त्या यंत्राला सिक्वेन्सर म्हणतात, आणि तो समजून घ्यायला कोकणी माणसाइतकं सोपं कुणालाच जाणार नाही. जुन्या पोफळीच्या बागेतला रहाट आठवा. चाकावरच्या माळेला ओळीने गाडगी बांधलेली. चाक फिरतं, प्रत्येक गाडगं ठरल्या क्षणी वर येतं आणि पन्हळीत पाणी ओततं. आता समजा, गाडगी सोळाच आहेत आणि त्यांतली काही फुटकी. फुटकं गाडगं वर आलं की पाणी नाही, धड आलं की पाणी. चाक जितक्यांदा फिरेल तितक्यांदा पाण्याचा तोच नमुना मिळणार.

सिक्वेन्सर म्हणजे सोळा गाडग्यांचा रहाट. पाण्याच्या जागी आवाज. ढोलाच्या रहाटात पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं गाडगं धड, बाकी फुटकी. झांजेच्या रहाटात तिसरं, सातवं, अकरावं, पंधरावं. दोन्ही रहाट एकाच बैलाला जुंपले की तयार झाला डिस्कोचा ठेका. १२० च्या वेगाला एक फेरी दोन सेकंदांची, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या गाण्यात १०५ फेऱ्या. बैल थकत नाही, कारण बैल म्हणजे वीज.

तिसरा रहाट खर्जाचा, आणि इटालियन डिस्कोची ओळख त्यातच आहे. त्यात बहुतेक सगळी गाडगी धड असतात, पण एकात खालचा सा, पुढच्यात वरचा सा, पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. घोडा दुडक्या चालीने निघावा तसा हा खर्ज पळतो. आजीचा पाय ढोलावर हलत होता, पण चेहऱ्यावर जे हसू होतं ते या घोड्याचं.

ही यंत्रं आपल्याकडेही लवकर आली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीची तीन यंत्रं मांडली आणि एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, कलावती, मेघमल्हार, खाली सरळ ढोल, आणि शब्द जवळजवळ नाहीतच. त्या काळी ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले, कारण शिकागोत १९८७ च्या सुमारास ज्या 'ॲसिड हाऊस' नावाच्या प्रकाराचा गाजावाजा झाला, त्याच्यासारखाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी रेकॉर्ड होऊन पडला होता. ती शिकागोपर्यंत पोचली होती असं कुणी मानू नये. त्याच यंत्राची तीच बटणं दोन माणसांनी आपापल्या गावी फिरवली, एवढंच.

३. म्यूनिकमधला इटालियन

रहाटाच्या या संगीताला जगभर नेणारा माणूस जॉर्जियो मोरोडर. जन्म १९४०, गाव ओर्तिसेई, इटलीच्या अगदी उत्तरेला डोंगरात. त्या भागात जर्मन, इटालियन आणि लदीन अशा तीन भाषा चालतात. आपल्या बांद्याला मालवणी, मराठी, कोंकणी अशी तिहेरी बोलणी चालतात, तसंच. मोरोडर पोट भरायला जर्मनीतल्या म्यूनिकला गेला आणि १९७७ साली त्याने डोना समर या अमेरिकन गायिकेकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेतलं. मागे वाद्यवृंद नाही, जवळजवळ सगळा बाज सिंथेसायझरचा. संगीतकार इटालियन, शहर जर्मन, गायिका अमेरिकन, भाषा इंग्रजी. इटालियन डिस्कोच्या पहिल्या मोठ्या गाण्यात इटालियन शब्द एकही नव्हता.

४. इटलीचं डिस्को, इंग्रजीत

पुढची दहा वर्षं हेच चाललं. मिलान, रिमिनी, रोम इथल्या लहानसहान स्टुडिओंत शेकड्याने रेकॉर्डी निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांची भाषा इंग्रजी. अनेकांची तर मोडकी इंग्रजी. कारण गिऱ्हाईक जर्मनीत, हॉलंडमध्ये, स्वीडनमध्ये. 'इटालो डिस्को' हे नावसुद्धा इटालियनांनी दिलेलं नाही. बर्नहार्ड मिकुल्स्की या जर्मन रेकॉर्ड-विक्रेत्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या कंपनीच्या गाण्यांच्या संग्रहांवर ते छापलं. सावंतवाडीत कुणी 'मालवणी जेवण' जेवत नाही, नुसतं जेवतात. 'मालवणी'ची पाटी मुंबईत लागते. नाव नेहमी विकणारा ठेवतो.

भाषा किती बिनमहत्त्वाची होती याचा मासला म्हणजे १९८३ चं 'वामोस आ ला प्लाया'. तुरीनच्या 'रिगेइरा' या जोडीचं हे गाणं. गाणारे इटालियन, भाषा स्पॅनिश, आणि नावाचा अर्थ 'चला समुद्रावर'. युरोपभरच्या किनाऱ्यांवर लोक त्यावर उड्या मारत होते. प्रत्यक्षात गाण्यात अणुबॉम्ब फुटल्यानंतरच्या किरणोत्सारी किनाऱ्याचं वर्णन आहे! पाय हलत होते आणि डोकं मागून यायचं होतं, ते बहुतेकांच्या बाबतीत आलंच नाही.

दुसरा मासला 'डेन हॅरो'चा. रेकॉर्डीवर आणि टीव्हीवर दिसणारा देखणा तरुण इटालियन होता, स्तेफानो झांद्री. गाजलेल्या गाण्यांतला आवाज मात्र टॉम हूकर या अमेरिकन गायकाचा. आणि 'डेन हॅरो' हे इंग्रजी वाटणारं नाव म्हणजे 'देनारो' या इटालियन शब्दावर केलेली कोटी. देनारो म्हणजे पैसा. इतक्या प्रांजळपणे ठेवलेलं टोपणनाव मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे ही गोष्ट उघड झाली तेव्हा बरीच आदळआपट झाली. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. दशावतारात राणीच्या लुगड्यात पुरुष असतो हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी आंबा घेणारा तो चावून बघत नाही. फसवणूक सोंगात नसते, सोंग आहे हे न सांगण्यात असते. आपल्याकडे पार्श्वगायिकेचं नाव रेकॉर्डीवर छापलं जाई, तिथे हूकरचं नाव पुढे येत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

५. हणजूणला शब्द कापले गेले

आता पत्रादेवी ओलांडून गोव्यात जाऊ. बार्देशातल्या हणजूणच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येऊन राहत होते. पौर्णिमेच्या रात्री त्यांच्या पार्ट्या होत. आधी रॉक संगीत चाले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे यंत्रांचं संगीत शिरलं: जर्मन, बेल्जियन, इंग्लिश आणि इटालोही. गोवा गिल हा कॅलिफोर्नियाचा माणूस आणि लॉरां हा फ्रेंच माणूस ही त्यातली माहितीतली नावं.

डीजे म्हटलं की फिरती रेकॉर्ड डोळ्यांपुढे येते. पण इथलं ऊन, वाळू आणि दमट हवा यांत रेकॉर्डी टिकायच्या नाहीत, वाकायच्या. म्हणून हणजूणचे डीजे कॅसेटवर वाजवत, अनेकजण सोनीच्या वॉकमनवर. आणि कॅसेट भरताना ते एक उद्योग करत. गाण्यातला गाणारा भाग कापून टाकत, वाद्यांचे तुकडे पुन्हापुन्हा जोडत, चार मिनिटांचं गाणं आठ-दहा मिनिटांचं करत. पहाटेपर्यंत नाचणाऱ्याला मध्येच कुणाचं तरी प्रेम, कुणाचा तरी विरह नको असे. शब्द आला की माणूस त्या शब्दामागे जातो आणि तंद्री मोडते, असा त्यांचा हिशोब. पुढे १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' या नावाने जे संगीत जगभर गेलं, ते जवळजवळ नि:शब्द आहे.

(कॅसेटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने नाव कमावलं ते कॅसेटमधली खरखर कमी करण्याच्या तंत्राने. खरखर घालवणाऱ्याचं नाव आपण खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या भिंतीला दिलं.)

म्हणजे आजीचा दुसरा प्रश्न सावंतवाडीपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर चाळीस वर्षांपूर्वीच सोडवला गेला होता आणि उत्तर आलं होतं: शब्द नकोत. तरीही इटालियन लोक आज इटालियनमध्ये, आणि पुणेकर मराठीत, नाचाची गाणी करताहेत. हणजूणच्या उत्तरात काहीतरी सुटलेलं असणार.

६. काळो घोडो, काव्वाल्लो नेरो

सुटलं ते असं: शब्दाला अर्थ असतो तसं वजनही असतं. अर्थ कळला नाही तरी वजन ऐकू येतं. गाणाऱ्याचा शब्द हे एक वाद्य आहे, आणि प्रत्येक भाषेचं वाद्य वेगळं.

इटालियन शब्द जवळजवळ सगळे स्वरात संपतात. आमोरे (प्रेम), नोत्ते (रात्र), सोले (सूर्य), मारे (समुद्र). तोंड उघडंच राहतं, सूर ओढता येतो. म्हणून गाण्याला ती गोड. पण नाचाला अडचण येते. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो: आ-मो-रे मध्ये 'मो'वर. हा शब्द सरळ ढोलावर बसवून पाहा. 'मो' ठोक्यावर आणायचा, म्हणजे 'आ' ठोक्याच्या आधीच म्हणून टाकायचा आणि 'रे' नंतर लोंबकळणार. इंग्रजीत 'लव्ह', 'नाइट', 'डान्स' हे शब्द हातोड्यासारखे एका ठोक्यात पडतात. १९८० च्या इटालियन संगीतकारांनी इंग्रजी धरली त्यात बाजार होता हे खरं, पण हातोड्याची सोयही होती.

मग इटालियनमध्येच लिहायचं ठरवलेले गीतकार काय करतात? शेवटच्या अक्षरावर जोर असलेले थोडे शब्द त्या भाषेत आहेत, ते शोधून शोधून वापरतात. 'तू' (हा अर्थासकट आपलाच वाटतो), 'मे' (मला), 'पिऊ' (अधिक), 'पेर्के' (कारण), आणि भविष्यकाळाची रूपं, जसं 'सारा' (असेल). 'रिक्की ए पोवेरी' या चमूचं १९८१ चं 'सारा पेर्के ती आमो' आजही लग्नांत आणि फुटबॉलच्या मैदानांवर गायलं जातं. त्याचं नुसतं नाव बघा: 'सारा' आणि 'पेर्के', दोन्ही शब्द शेवटावर आपटणारे. इटालियन प्रेमगीतांत माणसं सतत भविष्यकाळात का बोलतात, याचं उत्तर प्रेमात कमी आणि व्याकरणात जास्त आहे.

मराठीचं काय? आपण 'नाच' लिहितो, पण म्हणताना शेवटचा अ गिळतो. नाच्, हात्, पाय्, चल्, ये, बस्. एका ठोक्यात एक शब्द. म्हणजे इटालियनला जे शोधावं लागतं ते मराठीच्या घरात खंडीभर पडलंय. शिवाय धडधड, झगमग, खणखण हे जोडशब्द तर रहाटाची गाडगीच आहेत. उलट सूर ओढायचा असला की गाताना आपण गिळलेला अ परत बाहेर काढतो आणि 'घर'चं 'घरऽ' करतो. दोन्ही सोयी एकाच भाषेत.

मालवणी मात्र इटालियनच्या जवळ जाते, आणि ही गंमत मला फार आवडते. प्रमाण मराठीत 'काळा घोडा', मालवणीत 'काळो घोडो'. इटालियनमध्ये 'काव्वाल्लो नेरो': काव्वाल्लो म्हणजे घोडा, नेरो म्हणजे काळा. पुल्लिंगी नाम 'ओ'त संपतं आणि त्याचं विशेषणही आपोआप 'ओ'त येतं. मुलगा 'रागाझ्झो', मुलगी 'रागाझ्झा'. यमक जुळवायला कष्टच नाहीत, भाषाच जुळवून देते. याचा अर्थ मालवणी आणि इटालियन मावसबहिणी आहेत असा नाही. दूरचं कूळ एक, पण हा 'ओ' दोघींकडे आपापल्या वाटेने आला. आजीच्या कानाला ते गाणं पूर्ण परकं वाटलं नाही याला हा 'ओ' थोडा कारणीभूत असावा, असा माझा तर्क. सिद्ध करून मागू नका.

७. डोकं खाणारं गाणं

इटालियनमध्ये नाचाची गाणी कधी नव्हतीच असं नाही. बोलोन्याची राफाएल्ला कार्रा १९७० च्या दशकातच टीव्हीवर सोनेरी केस उडवत इटालियन डिस्को गात होती. 'तान्ती आउगूरी' १९७८ चं. तिच्या १९७६ च्या एका गाण्याला फ्रेंच डीजे बॉब सिंक्लारने २०११ मध्ये नवा ठेका लावला, आणि २०१३ च्या 'ला ग्रांदे बेल्लेझ्झा' या चित्रपटात रोमच्या गच्चीवरच्या पार्टीत तेच वाजतं. तो चित्रपट पुढे ऑस्कर घेऊन गेला. रिगेइरानेही १९८५ मध्ये स्पॅनिश सोडून घरच्या भाषेत उन्हाळा संपत आल्याचं गाणं केलं, आणि ते आजही दरवर्षी सप्टेंबर जवळ आला की इटलीत वाजतं.

पण आजची लाट वेगळी आहे. तिचं एक दार म्हणजे सान्रेमो. लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या या गावात १९५१ पासून गाण्यांची स्पर्धा भरते आणि सारा देश ती टीव्हीवर पाहतो. पूर्वी तिथे संथ, भावुक गाण्यांचं राज्य होतं. २०२२ मध्ये दार्जेन दामिको नावाच्या रॅपरने तिथे 'दोवे सी बाल्ला' म्हटलं, म्हणजे 'जिथे नाचतात तिथे'. साथरोगाने नाचघरं बंद पडलेल्या काळातलं ते गाणं, खाली सरळ ढोल. २०२३ ला 'इतालोडिस्को' आलं, त्याच वर्षी अन्नालीसाचं 'मों आमूर'. आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण गाब्री पोन्तेचं. १९९९ च्या सुमारास 'आयफेल ६५' या त्रिकुटाच्या 'ब्लू' या इंग्रजी गाण्याने जगाला वेड लावलं होतं, ज्याचा मुखडा चक्क निरर्थक अक्षरांचा होता. पोन्ते त्या तिघांपैकी एक. तोच पोन्ते २०२५ मध्ये 'तुत्ता लीतालिया', म्हणजे 'अख्खा इटली', असं इटालियन गाणं घेऊन चिमुकल्या सान मारिनोतर्फे युरोव्हिजन स्पर्धेत उतरला.

बोलीही मागे नाहीत. 'नु जेनेआ' ही बर्लिनमध्ये राहणारी जोडी नेपल्सच्या बोलीत डिस्को करते. त्यांचा 'बार मेदितेर्रानेओ' हा संग्रह २०२२ चा. नेपल्सची बोली म्हणजे इटलीची मालवणी: नाटकं तिची, शिव्या तिच्या, आणि उत्तरेकडच्यांना अर्धीच कळणारी.

उन्हाळाभर सगळीकडे तेच एक गाणं ऐकू येतं त्याला इटालियनमध्ये 'तोर्मेंतोने' म्हणतात. शब्द 'तोर्मेंतो'वरून, म्हणजे छळ. मोठा छळ! १५ ऑगस्टला तिथे 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते, सगळा देश समुद्रावर असतो आणि प्रत्येक छत्रीखाली तो छळ वाजत असतो. आपला समुद्र त्या वेळी खवळलेला आणि होड्या ओढून ठेवलेल्या, त्यामुळे आपला छळ जरा उशिरा, गणपतीत सुरू होतो.

८. पुण्याहून हॉलंडमार्गे

मराठीत नाचाची गाणी नव्हती असं म्हणणाऱ्याला लावणी आणि कोळीगीत दोन्ही बाजूंनी धरतील. २०१६ च्या 'सैराट'मधलं 'झिंगाट' कन्नड आणि हिंदी रिमेकमध्येही गेलं. पण या सगळ्यांच्या तळाशी आपला ठेका होता, खाली-भरीचा. सरळ ढोलावर मराठी चालेल का, हा प्रश्न उरला होता.

तो ठोका आपल्यापर्यंत आला त्याची वाट मात्र लांबची. मिलानमध्ये १९८२ साली तयार झालेलं 'डर्टी टॉक'सारखं इटालो संगीत शिकागोच्या क्लबांत वाजत असे. ते आणि जुनं डिस्को ऐकत वाढलेल्या पोरांनी तिथे 'हाऊस' नावाचा प्रकार काढला. 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबवरून हे नाव. तिथून तो युरोपात, आणि मग सगळीकडे. पुण्याचा क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांनी २०२४ मध्ये त्या ठोक्यावर 'तांबडी चामडी' केलं. हॉलंडच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीने ते काढलं, आणि मराठी न येणारी माणसं त्यावर नाचताना दिसू लागली. क्रेटेक्स या प्रकाराला 'मराठी हाऊस' म्हणतो.

नुसतं नाव तोंडाने म्हणून बघा. तांब्-डी, चाम्-डी. चार अक्षरं, चारही जड, चार ठोक्यांवर चार. यमक आतल्या आत. हॉलंडमधल्या माणसाला रंग कळला नाही की कातडी कळली नाही, पण चार वजनं कळली. हणजूणच्या डीजेने हा मुखडा कापला असता तर गाण्यात काय राहिलं असतं? रहाट फिरला असता, पन्हळीत पाणी आलं नसतं.

आजीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर झालं. तुमच्यासाठी एक काम ठेवतो. अर्ध्या सेकंदाला एक अशी टाळी धरा आणि तुमच्या गावच्या बोलीतले एका टाळीत बसणारे शब्द गोळा करा. मालवणीवाल्यांनी 'येवा'पासून सुरुवात करू नये, त्याला दोन टाळ्या लागतात. 'घो' थेट ठोक्यावर बसतो, 'झील'ही बसतो. माझ्या यादीत पहिल्या दुपारी चौतीस शब्द झाले, त्यातले अकरा आजीने सांगितलेले आणि त्यांतले चार छापण्याजोगे नाहीत.